ठरलेल्या बोलांचे येणे-जाणे

घरातून बाहेर पडणारे माणूस निरोप घेताना ‘जातो’ असे म्हणत नाही. ‘येतो’ असे म्हणते. वस्तुतः त्या क्षणी ते जात असते, येत नसते. व्याकरणाच्या व कोशाच्या आधाराने पाहू गेल्यास हे विधान सरळ सरळ खोटे ठरते. तथापि मराठी घरात वाढलेल्या कोणासही त्यात विसंगती वाटत नाही. उलट एखादे मूल ‘जातो’ असे म्हणाले, तर घरातील वडील माणूस त्यास तत्काळ थांबविते आणि ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ असे बजाविते. कारण सहसा सांगितले जात नाही. मूलही ते विचारीत नाही. दोन-चार वेळा टोकले गेल्यावर तो बोल त्याच्या जिभेवर बसतो व जन्मभर तेथेच राहतो.

भाषा म्हणजे शब्दांचा साठा आणि ते शब्द जोडण्याचे नियम, अशी एक समजूत रूढ आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. माणसाचे पुष्कळसे बोलणे त्या क्षणी नव्याने जुळविलेले नसते. ते आधीच जुळलेले असते व जसेच्या तसे उचलले जाते. म्हणी, वाक्संप्रदाय, भेटीचे व निरोपाचे शब्द, पत्रांचे मायने, आशीर्वाद, शिव्या, शपथा, बाजारातील घासाघिशीची वाक्ये, ही सर्व या जातीची. असे ठरलेले बोल माणूस कसे शिकते, कशासाठी वापरते, आणि कसे गमावते, हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा नाही. ज्या घरात आजी आणि नातू एका छपराखाली राहतात, अशा प्रत्येक घराचा तो आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेचा गोंदिया जिल्हा फार सोयीचा आहे. हा जिल्हा भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याच्या एका अंगास मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या अंगास छत्तीसगड. मधे धानाची बांधी, तलाव, बोड्या व जंगल. जुन्या लोकांनी या सगळ्या टापूला ‘झाडी’ हे नाव दिले आणि येथील मराठीस त्यावरून झाडीबोली म्हणतात. तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही; पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’ होतो. त्याच गावात पोवार कुटुंबांतून पोवारी बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने तिची गणना मराठीत न करता पूर्व हिंदीच्या गोतावळ्यात केली होती. देवरी-सालेकसा या बाजूस गोंडी आहे, सीमेलगत छत्तीसगडी आहे, आणि रेल्वेने वाढविलेल्या गोंदिया शहराच्या बाजारात हिंदीची चलती आहे. यांवर शाळेची व कचेरीची प्रमाण मराठी. तात्पर्य, येथील मूल एका भाषेत अंगाई ऐकते, दुसरीत सौदा ऐकते आणि तिसरीत परीक्षा देते. ठरलेले बोल एका भाषेतून दुसरीत नेताना काय घडते, हे येथे रोज दृष्टीस पडते.

प्रथम शिकण्याची रीत पाहू गेल्यास असे दिसते की, मूल ठरलेला बोल तुकड्यातुकड्यांनी शिकत नाही. ते तो अखंड घेते आणि ज्या प्रसंगी तो उच्चारला गेला त्या प्रसंगासकट घेते. ‘बाळाचा डोळा लागला’ हे वाक्य आई हळू आवाजात बोलते, हाताने गप्प राहण्याची खूण करते, आणि दार लोटून घेते. मोठ्या भावंडाला ‘लागणे’ या क्रियापदाचे कोशात किती अर्थ दिले आहेत याची गरज पडत नाही. तो मंद आवाज, ती खूण आणि ते लोटलेले दार हाच त्याचा अर्थ. पुढे कधी परगावी गेलेला बाप वेळेवर परतत नाही आणि घरातले कोणी म्हणते, ‘वाटेकडे डोळे लागले.’ एकवचनाचे अनेकवचन झाले, एवढाच काय तो फरक. पण पहिल्यात झोप आहे आणि दुसऱ्यात झोपेचा अभाव आहे. हा भेद कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. तरी पाच-सहा वर्षांचे मूल त्यात चुकत नाही, कारण त्याने ते दोन बोल दोन निरनिराळ्या संध्याकाळी घेतलेले असतात.

काही बोल संपूर्ण ठरलेले नसतात. त्यांत एक जागा मोकळी ठेवलेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मारबत निघते. नागपुरातील काळ्या व पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका प्रसिद्ध आहेत. पण पूर्वेकडच्या खेड्यांतूनही मारबत गावाच्या शिवेबाहेर नेली जाते आणि ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. ‘घेऊन जा गे मारबत’ हे शेपूट पक्के. त्याच्या आधी काय घालावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. नागपुरात त्या जागी महागाई आली, भ्रष्टाचार आला, त्या त्या वर्षीचा जो कोणी नकोसा झाला असेल तो आला. ही आरोळी शिकणारे मूल एकाच वेळी दोन गोष्टी शिकते : काय बदलता येत नाही आणि कोठे आपले काही घालता येते. भाषेतील स्वातंत्र्याचा पहिला धडा पुष्कळांना असा, ओरडताना मिळतो.

आता जे मूल ही भाषा घरातून न आणता शाळेत येऊन शिकते, त्याची स्थिती पाहावी. त्यास ठरलेले बोल यादीच्या रूपाने भेटतात. पुस्तकात डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ, आणि खाली ‘वाक्यात उपयोग करा’ अशी आज्ञा. मूल अर्थ पाठ करते, आणि अर्थ पाठ असूनही फसते. ‘कंठस्नान घालणे’ याचा अर्थ ‘ठार मारणे’ असा पाठ केलेला विद्यार्थी ‘वडिलांनी डासाला कंठस्नान घातले’ असे वाक्य लिहून मोकळा होतो. अर्थाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. पण त्या शब्दात रणांगण आहे, तलवार आहे, बखरीचा दरारा आहे, आणि डासासाठी तो शब्द कोणी विनोदानेच वापरील, ही गोष्ट यादीत कोठेच दिलेली नसते. यादी अर्थ देते. प्रसंग देत नाही. आणि ठरलेल्या बोलाचा जीव प्रसंगात असतो.

दुसरी अडचण भाषांतराची. गोंदियाच्या बाजारात वाढलेल्या मुलास संशयाच्या ठिकाणी हिंदीतले ‘दाल में काला’ सहज आठवते. मराठीत बोलताना ते ‘डाळीत काही काळे आहे’ असे म्हणून जाते. ऐकणाऱ्यास ते कळते, पण डाळीत खडा लागल्यासारखे वाटते. मराठीत अशा वेळी ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतात. तलावांच्या या जिल्ह्यात त्या बोलास विशेष अर्थ आहे. तलावाच्या पाळीत पाणी मुरू लागले की वरून काही दिसत नाही. पाळ उभीच असते. पण जाणता शेतकरी तेथे स्वस्थ बसत नाही. ज्या मुलाने अशी पाळ पाहिली आहे, त्यास हा बोल एका क्षणात आपला वाटावा. तो त्यास परका वाटतो, कारण पुस्तकाने तो तलावाशेजारी नेऊन दाखविलेला नसतो. उलट काही बोल सीमा ओलांडून दोन्हीकडे नांदतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण हिंदीतही आहे. दुधाने तोंड पोळलेल्याची गोष्टही दोन्ही भाषांत आहे. अशा बोलांपाशी दोन भाषा बोलणारे मूल अडखळत नाही. शिक्षकाने तेथून आरंभ केल्यास परकेपणाची निम्मी भीती जाईल.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. झाडीबोली बोलणारे मूल शाळेत ‘डोरा लागला’ असे म्हणते. ते चुकलेले नाही. बोल बरोबर आहे, प्रसंग बरोबर आहे, उच्चार मात्र प्रमाण भाषेचा नाही. शिक्षकाने ‘लिहिताना डोळा लिहावे’ एवढेच सांगितले, तर मुलाजवळ एकाचे दोन बोल होतात. पण वर्गात हशा पिकला आणि ‘अशुद्ध’ असा शेरा मिळाला, तर ते मूल उच्चार बदलीत नाही; ते गप्प बसते. आणि पुढे त्या जागी, ज्याला कोणी हसत नाही असे बाजारातील हिंदी वाक्य येऊन बसते. असे शंभर वेळा घडले म्हणजे घरचा बोल गेला आणि शाळेचाही आला नाही, अशी दुहेरी हानी होते. बोली मरते ती बहुधा कोणी बंदी घातल्याने मरत नाही. ती अशा लहान लहान हशांनी मरते.

हे बोल माणसे वापरतात तरी कशासाठी? एक कारण उघड आहे : श्रम वाचतात. दारी आलेल्या पाहुण्यास रोज नवे वाक्य रचून ‘या’ म्हणणे कोणासही परवडणार नाही. पण तेवढ्याने भागत नाही. जेथे स्वतःचे शब्द सुचत नाहीत किंवा स्वतःचे शब्द वापरण्याचे धैर्य होत नाही, तेथे समाजाने आधीच ठरवून ठेवलेला बोल मदतीस येतो. बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. मंगळसूत्र तुटले तरी ‘वाढवले’ असेच म्हणतात. दिवा ‘विझवला’ हे काही घरांत चालत नाही. मृत्यूची वार्ता सांगताना तर शेकडो वर्षांच्या बोलांचा आधार घेतल्यावाचून मराठी माणसाचे पाऊल पुढे पडत नाही. अशा वेळी नवेपणा हा गुण नसतो. सांत्वनास गेलेल्या माणसाने काही अभिनव बोलावे, अशी शोकाकुल घराची अपेक्षा नसते; त्याने तेच बोलावे जे त्याच्या आधी दहा जण बोलून गेले. त्या पुनरुक्तीतच आधार असतो.

तिसरे कारण ओळखीचे. भेटताना कोणी ‘राम राम’ म्हणतो, कोणी ‘जय सेवा’, कोणी ‘जय भीम’. सालेकसा तालुक्यात कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तेथे ‘जय सेवा’ हे दोन शब्द नुसता नमस्कार नसतात. आपण कोण आहोत याचा तो पुकारा असतो. ‘जय भीम’ या अभिवादनाचा इतिहास तर फार जुना नाही. कामठीचे बाबू हरदास यांनी ते रूढ केले, असे मानले जाते. त्यांचा मृत्यू १९३९ साली झाला. एका माणसाच्या आयुष्यात उच्चारले जाऊ लागलेले दोन शब्द आज कोट्यवधी माणसांचा ठरलेला बोल झाले आहेत. म्हणून ठरलेले बोल सर्व पुरातनच असतात, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ज्या दिवशी त्यांची निकड निर्माण होते, त्या दिवशी ते जन्मतात.

जन्माचे दुसरे उदाहरण याच जिल्ह्यात आहे आणि ते मोठे मौजेचे आहे. येथील जुने तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, १९५१ साली तो अंमलात आला, आणि तलाव सरकारजमा झाले. कचेरीच्या कागदांत त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव मिळाले. नाव लांब पडले म्हणून त्याची आद्याक्षरे घेऊन ‘मा. मा. तलाव’ असे लिहू लागले, आणि बोलण्यात त्याचा ‘मामा तलाव’ झाला. आता तो सर्रास मामा तलाव आहे. लहान मुलास तो कोणा मामाचा वाटला तर त्यात नवल नाही. मालगुजार गेला, मालगुजारी गेली, ‘माजी’ हा शब्दही विरून गेला. राहिला तो मामा. कारकुनाच्या लेखणीतून निघालेले एक रूक्ष संक्षिप्त रूप दोन पिढ्यांत आईच्या भावाइतके जिव्हाळ्याचे झाले. ठरलेल्या बोलाला आपल्या जन्माची आठवण असावी लागत नाही. त्याला रोज उच्चारणारी माणसे असावी लागतात, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की त्याचे नाव रोज निघतेच.

हे बोल जातात कसे, हे पाहणे आता प्राप्त झाले. सामान्य समज असा की, वस्तू गेली म्हणजे तिच्यावरचा बोलही जातो. अनुभव याच्या उलट आहे. कवडीचे नाणे व्यवहारातून जाऊन किती काळ लोटला. तरी धानाचा भाव पडला म्हणजे शेतकरी ‘कवडीमोल’ हाच शब्द वापरतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे संपले. पण खरी गोष्ट अद्यापि ‘सोळा आणे’ खरी असते. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण यांच्या जागी किलोग्रॅम आला. ‘खंडीभर कामे पडली आहेत’ ही तक्रार मात्र कोणी क्विंटलमध्ये करीत नाही. ‘शेरास सव्वाशेर’ भेटतोच. एवढे खरे की, हिंदीच्या सहवासात वाढलेल्या नव्या पिढीस त्यातला शेर वजनाचा न वाटता वाघ-सिंहाचा वाटतो. पण त्याने बिघडले काय? जबरदस्ताला अधिक जबरदस्त भेटण्याचा प्रसंग जोवर जगात घडतो, तोवर वजनाच्या जागी वाघ बसला तरी म्हण आपले काम करीत राहते.

याच्या उलट पत्रांचे मायने पाहावेत. ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील क्षेम जाणून तिकडील कळवीत जावे’, ‘लोभ असावा ही विनंती’. या बोलांतील एकही शब्द दुर्बोध नाही. नमस्कार आहे, क्षेम आहे, लोभ आहे, विनंती आहे; यांतील कोणतीही वस्तू जगातून नाहीशी झालेली नाही. तरी हे बोल गेले, कारण पत्र गेले. अक्षरओळख असलेल्या शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेण्याची, आणि आलेले पत्र सगळ्या घराने एकत्र बसून ऐकण्याची, ती दुपारच गेली. तारेचेही तसेच. ‘तार आली’ म्हणताच घराच्या काळजात धस्स होत असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि या दोन शब्दांनी घाबरणारी अखेरची पिढी आता म्हातारी होत आहे.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. ठरलेला बोल ज्या वस्तूचे नाव घेतो त्या वस्तूवर जगत नाही. तो ज्या प्रसंगी उच्चारला जातो त्या प्रसंगावर जगतो. नाणे गेले तरी चालते, सौदा राहिला पाहिजे. शब्द समजला तरी पुरत नाही, प्रसंग घडला पाहिजे.

शेतीत हे विशेष स्पष्ट दिसते. नक्षत्रांवरून पावसाचे भाकीत सांगणाऱ्या म्हणी महाराष्ट्रभर आहेत. ‘पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा’, म्हणजे चित्रा नक्षत्रात पाऊस आला तर तांदूळ इतका होईल की कुत्रेही त्याकडे पाहणार नाही. चित्रा नक्षत्र येते ऑक्टोबरच्या मध्यास. भारी धान त्या वेळी ओंबीवर असतो, आणि त्यास त्याच सुमारास पाण्याची अखेरची गरज असते. म्हणून धानपट्ट्यात ही म्हण निव्वळ गंमत नव्हती, तो अनुभवाचा हिशेब होता. आता हलक्या, लवकर येणाऱ्या जातींचे धान चित्रापूर्वीच कापणीस येते, आणि त्यावर पाऊस आला तर तो वरदान नसून संकट असते. त्या शेतकऱ्याच्या तोंडी ही म्हण कशी राहावी? तो ती विसरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणीच्या खालची जमीन सरकली आहे. याउलट ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीस कसलेही भय नाही. जोवर चुलीवर वा शेगडीवर भात शिजतो आणि शीत दाबून पाहिले जाते, तोवर ती अमर आहे.

कोणी म्हणेल, मग यात हळहळ करण्यासारखे काय आहे? जुने प्रसंग गेले, त्यांचे बोल गेले. नवे प्रसंग येतील, नवे बोल येतील. भाषा एकंदरीत पाहिली तर हे म्हणणे खरे आहे. मामा तलाव आला, जय भीम आले, तसे उद्या आणखी येतील. भाषेचा संसार कधी ओस पडत नाही. पण भाषा म्हणजे एक अमूर्त वस्तू नव्हे. ती एकेका माणसाच्या तोंडी असते, आणि माणूस म्हातारे होते. या ठिकाणी वैद्यकाने दाखवून दिलेली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

१८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या शस्त्रवैद्याने एका रोग्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या रोग्याची वाचा जवळजवळ संपूर्ण गेली होती. कोणताही प्रश्न विचारला तरी तो ‘टान, टान’ एवढेच म्हणे. पण फार संतापला म्हणजे त्याच्या तोंडून एक पुरी शपथ बाहेर पडे. पुढे इंग्लंडात ह्यूलिंग्ज जॅक्सन याने असे पुष्कळ रोगी पाहिले आणि सिद्ध केले की, वाचा गमावलेल्या माणसास हवे ते वाक्य जुळविता येत नाही, परंतु अभिवादन, शपथ, प्रार्थना, ओळीने अंक म्हणणे, अशा ठरलेल्या गोष्टी त्याच्या तोंडून आपोआप येऊ शकतात. आजचे संशोधक सांगतात की, वाक्य नव्याने जुळविण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागाचे असले, तरी ठरलेल्या बोलांस उजव्या भागाचा आणि मेंदूच्या खोल गाभ्याचाही आधार असतो. म्हणून एक कोसळले तरी दुसरे काही काळ उभे राहते. स्मृतिभ्रंशाच्या रोगातही असेच दिसते : नातवाचे नाव जाते, तारीख जाते, जेवण झाले की नाही ते आठवत नाही, पण ‘या, बसा’ राहते, आशीर्वाद राहतो, म्हण राहते. आणि ज्यांनी जन्मभर दोन-तीन भाषा बोलल्या, त्यांच्यापैकी पुष्कळांची अखेरची सोबत बालपणीची भाषा करते.

ही गोष्ट गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या घरास लावून पाहावी. आजी बालपणी पोवारी किंवा झाडीबोली बोलली; लग्नानंतर, बाजारात, दवाखान्यात ती हिंदी व मराठीही बोलली. मुलगा नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास गेला. नातू इंग्रजी शाळेत आहे. आजी धडधाकट आहे तोवर तिचे कोणावाचून अडत नाही, कारण ऐकणाऱ्याप्रमाणे ती भाषा बदलते. उद्या तिची स्मृती ढळली, तर प्रथम जाईल ती ही बदलण्याची शक्ती. मागे राहतील ते चाळीस-पन्नास बोल, आणि ते नेमके त्या भाषेतले, जी घरात तिच्यावाचून कोणी बोलत नाही. ती ‘डोरा लागला’ म्हणेल आणि नातवास वाटेल, आजीला काहीतरी लागले. ती पाहुण्यास करावयाचे स्वागत करील आणि सुनेस ती बडबड वाटेल. माणसाजवळ अखेरपर्यंत शिल्लक राहिलेली पुंजी खणखणीत असूनही तिचे नाणे घेणारा कोणी घरात नाही, यासारखे एकाकीपण दुसरे नाही. भाषेस एखादा बोल गमावण्याचे दुःख नसेल, माणसास आहे.

या दृष्टीने पाहता बोल राखण्याचा प्रश्न निराळा दिसू लागतो. कोश करणे हे मोठे काम आहे आणि मराठीत ते मोठ्या निष्ठेने झालेले आहे. १८९९ साली मॅनवेरिंग या इंग्रज गृहस्थाने मराठी म्हणींचा संग्रह छापला. दाते व कर्वे यांनी १९४२ व १९४७ साली दोन भागांत महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश सिद्ध केला. त्याची जाडी पाहूनच मराठी माणूस ठरलेल्या बोलांवर किती विसंबून आहे ते कळते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासास व कोशास आयुष्य वाहिले. या लोकांचे ऋण फिटणारे नाही. पण कोशात बोल जतन होतो तो वाळविलेल्या फुलासारखा : आकार कळतो, नाव कळते, वास येत नाही. वास प्रसंगाचा असतो.

म्हणून कोशकारांनी केले त्यापुढचे काम घराघरांचे आणि शाळांचे आहे, आणि ते खर्चाचे नाही. शिक्षकाने वाक्प्रचाराचा अर्थ सांगून थांबू नये. तो कोण, कोणाला, केव्हा म्हणतो, आणि केव्हा मुळीच म्हणत नाही, हे विचारावे. मुलांनी घरी जाऊन त्याच प्रसंगी आपल्या घरात काय म्हणतात ते विचारून आणावे. एकाच वर्गात झाडीचा, पोवारीचा, गोंडीचा, छत्तीसगडीचा आणि प्रमाण मराठीचा असे पाच बोल एका प्रसंगाभोवती जमले, तर त्यांतील कोणताच अशुद्ध ठरणार नाही, आणि मराठीचा बोल सर्वांच्या लक्षात अधिक पक्का बसेल. घरांतही आजी-आजोबा बोलते आहेत तोवर त्यांच्या तोंडचे पन्नास बोल प्रसंगासह टिपून ठेवणे एका सुटीचे काम आहे. मात्र टिपून वही कपाटात ठेवली तर कोशात एक भर पडली, एवढेच होईल. त्यांतले दहा तरी बोल मुलांनी त्या त्या प्रसंगी आजी-आजोबांस उलट म्हणून दाखविले पाहिजेत.

दिवाळीनंतर या भागातील गावांत मंडई भरते. पुण्याच्या माणसास मंडई म्हणजे भाजीचा बाजार. झाडीत मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्रभर चालणारी दंडार आणि नाटक. त्या रात्री गोंदिया, नागपूर, रायपूर येथे पांगलेली माणसे गावी परततात, आणि वर्षभर न उच्चारलेले बोल त्यांच्या तोंडी आपोआप येतात. ते विसरले गेले नव्हते. त्यांना प्रसंग मिळाला नव्हता. यातच उपाय सांगितला गेला आहे. बोल सांभाळावयाचा म्हणजे तो पाठ करावयाचा नव्हे. ज्या प्रसंगी तो म्हणावयाचा तो प्रसंग घरात आणि गावात राखावयाचा. प्रसंग राखला म्हणजे निरोप घेणारा बोलही ‘जातो’ म्हणणार नाही; तो ‘येतो’ असेच म्हणेल.